दमडीची मशीद

'चमडी जाईल पण दमडी जाणार नाही' ही म्हण लोक कंजूष माणसाबद्दल वापरतात. आमची आई मात्र ती उलटी करून आमच्याच घराबद्दल वापरते. "आपल्यात चमडी जाते, तवा कुठं दमडी येते," असे ती म्हणते अन् आप्पांच्या तळहातांकडे बघते. त्या तळहातांवर कातडी अशी आता राहिलेलीच नाही. आहेत ते नुसते घट्टे.

माझे गाव घोडेगाव. नेवासे तालुक्यात, नगरहून संभाजीनगरला जाणाऱ्या रस्त्यावर. जनावरांच्या बाजारासाठी आणि कांद्यासाठी ते पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. शनिशिंगणापूरला जाणारी माणसे आमच्या फाट्यावर वळतात. गाव बघायला म्हणून कुणी थांबत नाही. त्या फाट्याच्या अलीकडे एका लिंबाखाली आप्पांची बसायची जागा आहे. आम्ही पाथरवट. पाटा, वरवंटा, जाते, उखळ, देवळाच्या पायऱ्या, तुळशीवृंदावने हे आमच्या घरचे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम. गिरणी आली अन् जाते गेले, मिक्सर आला अन् पाटाही गेला. तरी आप्पा तिथे बसतात. काम नसेल तेव्हा खडीच्या क्रशरवर रोजाने जातात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच; पायऱ्या घडवणारे मात्र सगळेच.

हे सगळे आज मी मोकळेपणाने लिहितो आहे. गेल्या वर्षी मला हे लिहिता आले नसते.

वसतिगृहाच्या अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' असा एक रकाना होता. त्यापुढे मी 'बांधकाम' असे लिहिले. ते धड खोटेही नव्हते अन् खरेही नव्हते. खोलीतल्या मित्राने तो अर्ज पाहून विचारले, "म्हणजे कॉन्ट्रॅक्टर का रे?" मी म्हणालो, "हं." एवढे एकच अक्षर! पण एकदा तोंडातून गेलेले ते अक्षर मला वर्षभर सांभाळावे लागले. मित्रांना गावी बोलावता येईना. आप्पा येतो म्हणाले की काहीतरी सबब सांगावी लागे. दगडाचा विषय निघाला की मी गप्प बसू लागलो.

त्याच वर्षी आमच्या इतिहासाच्या सरांनी आम्हाला नगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, दाखवायला नेले. आधी भुईकोट किल्ला झाला. १९४२ मध्ये पंडित नेहरू, मौलाना आझाद आणि इतर नेत्यांना इंग्रजांनी इथे आणून ठेवले होते. नेहरूंनी 'भारताचा शोध' इथेच लिहिला आणि आझादांनी 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रेही इथलीच. त्यामुळे किल्ल्यात सगळे भारावून गेले. तिथून जवळच भिंगारच्या बाजूला असलेल्या दमडी मशिदीपाशी पोहोचेपर्यंत मात्र ऊन चढले होते. निम्मी मुले सावली धरून बसली अन् शेंगा खाऊ लागली.

मशीद लहानशीच आहे. सरांनी नाव सांगितले नसते तर कदाचित मीही फारसे लक्ष दिले नसते. दर्शनी बाजूला टोकदार कमानी, त्यांच्यावर दगडी कंसांनी तोललेले छज्जे, माथ्यावर नाजूक मिनार आणि जिथे नजर जाईल तिथे दगडावर नक्षी. सर सांगत होते ते मी वहीत उतरवून घेत होतो : मशीद इसवी सन १५६७-६८ मधली, मुर्तजा निजामशहाच्या काळातली, बांधणारा साहिरखान नावाचा सरदार. कमान इराण-तुराणकडून आलेली, कंस आणि कमळे आपल्याकडच्या देवळांच्या घराण्यातली. 'संस्कृतीसंगम' हा शब्द सरांनी दोनदा उच्चारला, म्हणून मी त्याखाली दोन रेघा मारल्या.

सर पुढे म्हणाले की, हे शहरच मुळी असे आहे. १४९० मध्ये मलिक अहमदने निजामशाही उभी केली. त्याचा बाप मलिक हसन हा मूळचा पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातला, विजयनगरच्या स्वारीत पकडला जाऊन मुसलमान झालेला, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. पुढे बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी इराणातून आलेला शाह ताहिर मोठा झाला आणि त्याच्या प्रभावाने राजाने शिया पंथ स्वीकारला. शेवटी शेवटी हीच निजामशाही ज्याने खांद्यावर तोलून धरली तो मलिक अंबर तर हबशी, आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकत विकत आलेला. पाथरी, इराण आणि हबसाण अशी तीन ठिकाणची माणसे ज्या शहरात एकत्र आली, त्या शहराच्या मशिदीत कमान आणि कमळ शेजारी बसले तर नवल काय?

मी सगळे लिहून घेतले. परीक्षेत त्यावर टीप आली. पाचपैकी चार गुण मिळाले. माझ्यापुरती दमडी मशीद तिथे संपली होती.

ती पुन्हा सुरू झाली आप्पांमुळे. अन् तीही माझ्या एका वाईट विचारातून.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी आप्पा न कळवता वसतिगृहाच्या दारात उभे राहिले. दुसऱ्या सत्राचे पैसे द्यायचे राहिले होते. धोतराच्या सोग्यात रुमाल, रुमालात नोटा, आणि नोटांना दगडाची पांढरी भुकटी. पिशवीत आईने दिलेल्या भाकरी अन् शेंगदाण्याची चटणी. कारकुनाने नोटा मोजताना बोटे झटकली, ते मी पाहिले. खोलीतले मित्र तासाला गेले होते, तासाभरात परत येणार होते. आप्पांची परतीची एस.टी. दुपारची. मधल्या वेळात त्यांना खोलीत बसवायचे म्हणजे... मी घाईघाईने म्हणालो, "आप्पा, चला, तुम्हाला एक जागा दाखवतो."

एखादी लांबची, निवांत जागा, जिथे ओळखीचे कुणी भेटणार नाही, एवढाच माझा हेतू होता. दमडी मशीद मला त्यासाठी आठवली. हे लिहिताना लाज वाटते, पण खरे ते असे आहे.

रिक्षा नको म्हणाले. चालतच गेलो. वाटेत मी त्यांना किल्ल्याचा तट दाखवला. त्यांनी मान हलवली, "घडीव काम हाय," एवढेच म्हणाले. मशिदीपाशी मात्र ते एकदम थांबले. वहाणा काढल्या. चौथऱ्याच्या दगडाला बोटे लावून ती कपाळाला लावली. मी हळूच म्हणालो, "आप्पा, ही मशीद आहे." ते म्हणाले, "कळतंय की. पण जिथं टाकी चालली तिथं आधी हात लावायचा, मग पाय."

नंतरचा तासभर ते माझ्याशी फारसे बोललेच नाहीत. दगडांशी बोलत होते म्हणा ना! एका गोल फुलापाशी उभे राहिले ते किती वेळ. मग मला जवळ बोलावले. आप्पांनी मला आयुष्यात कधी काही शिकवले असे मला तोवर वाटत नव्हते. दगडाच्या कामाला त्यांनी मला हातच लावू दिला नव्हता. "तू वही धर," म्हणायचे. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी माझे बोट धरून दगडावर फिरवले.

"हे फूल कोरलेलं न्हाई," ते म्हणाले.

"मग?"

"फुलाभवतीचा दगड काढलाय. फूल राहिलं. उलटं ध्यानात धरावं लागतं. काळा दगड लई हट्टी, एकदा टवका उडाला की उडाला. चुकला तर समदा दगड वाया."

मग शेजारच्या फुलावर बोट नेले. "ह्यो हात निराळा. बघ, पहिल्याची पाकळी खोल हाय, ह्याची उथळ. दोघं गडी शेजारी शेजारी बसून करत असतील. ह्यो जरा घाईचा."

मी बघत राहिलो. चारशेहून अधिक वर्षांपूर्वीचे दोन गडी, एक संथ अन् एक घाईचा, माझ्यापुढे उभे राहिले. सरांनी मला शैली दाखवल्या होत्या. आप्पा मला माणसे दाखवत होते.

कमानीखाली ते मान वर करून बराच वेळ उभे होते. "ही आपल्याकडची रीत न्हाई," म्हणाले. "आपल्या जुन्या देवळात खांबावर आडवी तुळई टाकतात. दगड नुसता वजनानं बसतो. हितं प्रत्येक दगड खाली पडायला बघतो, अन् पडता पडताच शेजारच्याला दाबून धरतो. म्हणून कुणीच पडत न्हाई." मग थोडे थांबून, "ही अक्कल बाहेरनं आली आसंल. पण हात हितलाच हाय. त्या फुलात कळतंय."

माझ्या वहीतला दोन रेघांचा 'संस्कृतीसंगम' मला आठवला. कमान सांगणारा कुणी दूरचा असेल, फारसी बोलणारा. आणि टाकी धरणारा आपल्याच मुलखातला, ज्याच्या बापाने, आज्याने देवळांवर कमळे काढलेली. त्याला कुणी 'कमळ काढ' असे सांगितले असेल की नुसते 'इथे काहीतरी सुंदर काढ' असे म्हटले असेल? माणूस सुंदर म्हणून जे काढतो ते त्याच्या हाताला आधीपासून येत असलेलेच काढतो. संगम वगैरे आपण नंतर म्हणतो. त्या वेळी तो एक गडी आपले काम करत होता, एवढेच.

भिंतीवरच्या अरबी वळणाच्या कोरीव अक्षरांपाशी आल्यावर आप्पांनी विचारले, "ह्यात काय लिवलंय?" मला वाचता येत नव्हते. मी म्हणालो, "तुम्हाला काय वाटतं आप्पा, ज्यानं हे कोरलं त्याला तरी वाचता येत असेल का?"

ते हसले. "मला कुठं येतं? घोडेश्वरीच्या वाटंला पायऱ्या केल्या, त्यावर देणगीदारांची नावं मीच कोरली न्हवं? मास्तर खडूनं लिहून द्यायचे. मी खडूवरनं टाकी चालवायचो. एकाचं बी नाव मला वाचता येत न्हाई, पण एका बी नावात चूक न्हाई."

मी गप्प झालो. त्या पायऱ्या मी लहानपणापासून चढत आलो आहे. पाचवीत वाचायला शिकल्यावर त्यावरची सगळी नावे मी मोठ्याने वाचीत असे. ती कुणी कोरली हे माझ्या कधी मनातही आले नव्हते.

तेवढ्यात एक वृद्ध मुसलमान गृहस्थ तिथे आले. आप्पांची तंद्री बघून त्यांना बरे वाटले असावे. कुठले, काय, अशी चौकशी झाली. "पाथरवट आहे," आप्पांनी सांगितले. तेव्हा ते म्हणाले, "मग ही तर तुमचीच मशीद!" आणि त्यांनी नगरात सगळे सांगतात ती कथा सांगितली. भुईकोट किल्ल्याचे काम चालू असताना तिथल्या पाथरवटांनी, मजुरांनी रोजच्या मजुरीतून एकेक दमडी बाजूला काढली अन् त्या दमड्यांतून ही मशीद उभी राहिली. म्हणून ही दमडी मशीद.

मी इतिहासाचा विद्यार्थी! मला राहवले नाही. मी म्हणालो, "पण चाचा, मातीचा किल्ला मोडून दगडी तट बांधला तो हुसेन निजामशहाने, १५५९ ते १५६२ या काळात. मशीद १५६७ ची. मध्ये पाच वर्षे जातात. १५६५ मध्ये तालिकोटची मोठी लढाई झाली, त्याच साली हुसेनशहा वारला. अन् पुस्तकात तर साहिरखान सरदाराचे नाव आहे."

चाचा काही बोलले नाहीत. बोलले ते आप्पा. "गड पुरा झाला म्हणून पाथरवट काय दुसऱ्या दिवशी गाव सोडतो व्हय? पाच वर्सं म्हंजे काहीच न्हाई. आधी देणं फेडायचं, पोरीचं लगीन करायचं, मग दमडी उरायची. दमडी दमडीनं दगड गोळा करायला पाच वर्सं लागतीलच की."

त्यांचा तर्क इतिहासाच्या पेपरात चालणार नाही हे मला कळत होते. पण तो खोडून काढावा असेही मला वाटेना. अकबराच्या राज्यात 'दाम' हे तांब्याचे नाणे चाले, अन् त्याचा आठवा हिस्सा म्हणजे दमडी. इतक्या लहान नाण्याचे नाव एका इमारतीला मिळते, ते टिकते आणि बांधणाऱ्या सरदाराचे नाव फक्त पुस्तकात उरते, याला काहीतरी कारण असेलच ना? याच नगरात डोंगरावर उभी असलेली सलाबतखानाची कबर लोक 'चांदबिबीचा महाल' म्हणून ओळखतात. तिथे सरदाराची जागा लोकांनी शूर राणीला दिली. इथे ती एका दमडीला दिली. पुस्तकाचे म्हणणे असते, पैसा ज्याने दिला त्याने बांधले. लोकांना मात्र कुठेतरी वाटत असते की, ज्यांनी हात लावले त्यांचेही हे आहे.

आमच्याच तालुक्यात नेवाशाला पैसाचा खांब आहे. ज्ञानदेवांनी ज्या खांबाला टेकून शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली तो. लहानपणी मला वाटायचे, त्या खांबाखाली पैसे पुरले असतील. 'पैस' म्हणजे ऐसपैस, विस्तार, हे फार उशिरा कळले. त्या खांबावरही एक लेख आहे. देवापुढच्या अखंड दिव्याच्या तेलासाठी कुणी दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. दान देणारा तिथे नोंदला गेला. खांब ज्याने घडवला त्याची ओळ त्या लेखात नाही. खांब नेवाशाचा असो, मशीद नगरची असो, की पायऱ्या आमच्या घोडेगावच्या. घडवणारा सगळीकडे एकाच तऱ्हेने गप्प आहे.

निघताना आप्पा पुन्हा त्या पहिल्या फुलापाशी गेले. बोटाने त्याच्या पाकळ्या मोजल्या, मग अंगठा आणि करंगळी ताणून वितीने त्याचे माप घेतले. मला वाटले, सहज चाळा असेल.

तारकपूरच्या स्टँडवर आम्ही एस.टी.ची वाट बघत उभे होतो, अन् नेमका माझ्या खोलीतला मित्र समोर आला! त्याने आप्पांकडे पाहिले, धोतराकडे पाहिले, पिशवीकडे पाहिले. पण पोरगा सभ्य. नमस्कार करून त्याने विचारले, "काका, सध्या काम कुठं चालू आहे? तुम्ही कॉन्ट्रॅक्टर आहात ना?"

माझ्या पायांखालची जमीन सरकली. आप्पांनी माझ्याकडे एकदा पाहिले. एकदाच. मग ते त्याला म्हणाले, "चालू हाय की, घोडेगावच्या फाट्यावर. तुमचं शिक्षण बरं चाललंय ना?"

त्यांनी माझे खोटे आपल्या तोंडाने राखले. रागावले असते तर बरे झाले असते. गाडी आली. खिडकीशी बसल्यावर ते एवढेच म्हणाले, "थंडी पडायला लागली, पांघरूण घे." गाडी इमामपूरच्या घाटाकडे निघून गेली अन् मी स्टँडवर तसाच उभा राहिलो. दुपारभर त्यांच्यासोबत दगड पाहत होतो, दुसऱ्यांच्या कामावर आपले नाव घालणाऱ्या सरदारांबद्दल मनातल्या मनात तावातावाने बोलत होतो. आणि मी स्वतः? मी तर माझ्या बापाच्या हातातली टाकीच काढून घेतली होती.

त्या रात्री मी मित्राला सगळे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "मला त्यांचे हात बघूनच कळलं होतं. पण तूच म्हणाला होतास म्हणून मी तसं विचारलं." म्हणजे वर्षभर सांभाळलेले माझे खोटे कुणाला फसवतही नव्हते! या वर्षीच्या अर्जात त्या रकान्यापुढे मी 'पाथरवट' असे लिहिले. कारकुनाने विचारले, "म्हणजे?" मी सांगितले, "दगड घडवतात."

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा लिंबाखाली एक तुळशीवृंदावन अर्धे तयार होते. गावातल्याच एका घरी तुळशीच्या लग्नाच्या आत द्यायचे होते. त्याच्या दर्शनी बाजूला आप्पा फूल काढत होते. काढत होते म्हणजे, फुलाभोवतीचा दगड काढत होते. मी जवळ गेलो अन् ओळखले. तेच फूल. तेवढ्याच पाकळ्या, तेवढीच वीत.

मी काही बोललो नाही. तेवढ्यात ज्यांचे वृंदावन होते त्या मावशी ते बघायला आल्या. पदराने धूळ पुसून म्हणाल्या, "अगं बया, किती झ्याक! हे कुठलं नक्षीकाम म्हणायचं?"

आप्पांनी टाकीवरची भुकटी फुंकली. "नगरचं हाय," ते म्हणाले, आणि पुन्हा हातोडा उचलला.